हॅलोवीनच्या रात्रीचे वाङ्मय

इंग्रजी वाङ्मयातील सणांचा विचार आपल्याकडे निघतो तेव्हा तो बहुधा नाताळापाशी सुरू होतो आणि तेथेच संपतो. डिकन्सने १८४३ साली 'अ ख्रिसमस कॅरल' लिहून त्या सणाला जे ऊबदार, घरगुती रूप दिले, त्याची मोहिनी आपल्या वाचकांवरही पडली. नाताळाच्या आठ आठवडे अगोदर येणारी ३१ ऑक्टोबरची रात्र मात्र आपल्या लेखी निव्वळ पोरखेळ ठरली आहे. भोपळा पोखरून त्याला डोळे-दात कोरावयाचे, आत दिवा ठेवावयाचा, भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार खाऊ मागावयाचा, एवढेच तिचे चित्र आपल्यासमोर असते. अलीकडे मोठ्या शहरांतील काही शाळांनी व दुकानांनी हा खेळ येथेही आणला आहे आणि त्याबरोबर 'हे आपल्याला कशाला हवे' व 'मुलांच्या मौजेला काय हरकत आहे' असे दोन पक्षही उभे राहिले आहेत. त्या वादात शिरण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू नाही. मला पडलेला प्रश्न वाङ्मयाचा आहे. या रात्रीवर लिहिल्या गेलेल्या ललितकृतींपैकी ज्या खरोखर टिकल्या, त्या कशाच्या बळावर टिकल्या?

भुतांच्या बळावर खासच नव्हे. मी ज्या कृतींचा विचार करणार आहे त्यांपैकी एकीतही खरे भूत नाही. त्यांत आहे ते घर. हॅलोवीनची रात्र ही घरातल्या माणसाला खेळाखेळात त्याची जागा दाखवून देणारी रात्र आहे. आणि असा निकाल एकदा बाहेर पडला की घरची वडीलधारी माणसे काय करतात, कोणावर रागावतात, काय झाकतात, हाच या कृतींचा खरा विषय आहे असे मला वाटते.

या सणाचा पूर्वेतिहास थोडक्यात आटोपता येईल. आयर्लंड व स्कॉटलंड येथील केल्टिक लोक उन्हाळा संपून हिवाळा लागण्याच्या संधीवर 'साऊन' हा दिवस पाळीत. पुढे ख्रिस्ती धर्मसंस्थेने १ नोव्हेंबर हा सर्व संतांचा व २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांचा दिवस ठरविला, आणि त्यांच्या आदल्या रात्रीला जुन्या समजुती चिकटून राहिल्या. बंगालात राहिलेल्या मराठी माणसाला हे वाचताना कालीपूजेच्या आदल्या दिवशीची भूतचतुर्दशी आठवेल. तेथे घराघरांत चौदा दिवे लावतात आणि चौदा प्रकारच्या पालेभाज्या खातात. कोकणातल्या माणसाला शिमग्याची सोंगे आणि ती दारात आली म्हणजे द्यावयाचे पोस्त आठवेल. ही आठवण उपयोगी आहे. परंतु चालीरीतींतील साम्य दाखविले म्हणजे साहित्यकृतीचे मर्म सापडले, असा जो एक भ्रम आपल्या तौलनिक अभ्यासात बोकाळला आहे त्यापासून दूर राहिलेले बरे. सोंगे सगळीकडेच असतात. प्रश्न असतो तो सोंग पाहणाऱ्याचा.

रॉबर्ट बर्न्सची 'हॅलोवीन' ही दीर्घ कविता १७८५ सालची. ती पुढील वर्षी निघालेल्या त्याच्या किल्मार्नॉक आवृत्तीत छापली गेली. अठ्ठावीस कडव्यांची ही कविता वाचून पुष्कळांची निराशा होते, आणि ती अगदीच अकारण नाही. कवीने स्वतःच तिला प्रस्तावना आणि तळटिपा जोडून प्रत्येक रूढीचा खुलासा केला आहे, आणि त्यामुळे कविता म्हणजे एअरशर परगण्यातील तोडग्यांची एक लांबलचक यादी आहे असा ग्रह होतो. डोळे मिटून शेतातून केल भाजीचा दांडा उपटावयाचा. दांडा सरळ निघाला की वाकडा, त्यावरून जोडीदाराचा बांधा ताडावयाचा, मुळाला माती किती चिकटली त्यावरून हुंडा. शेगडीत टणक कवचाची दोन फळे शेजारी शेजारी ठेवावयाची. ती शांतपणे जळली तर लग्न जमले, एखादे उडाले तर मोडले. जीन नावाची मुलगी मनातल्या मनात एका फळाला जॉकचे आणि एकाला आपले नाव देते, कोणाला सांगत नाही. आणि जॉकचे फळ फट्कन् धुराड्यात उडून जाते. ही फळे घरच्या म्हाताऱ्या मालकिणीने जपून साठविलेली आणि त्या रात्री सर्वांना वाटलेली असतात, हे बर्न्स सांगावयास विसरत नाही. तरुणांच्या नशिबाची परीक्षा होते ती वडीलधाऱ्यांच्या कोठारातल्या वस्तूंवर.

या कवितेत भुते दिसतात तेव्हा ती हटकून घरचीच जनावरे निघतात. अंधारात अंबाडीचे बी पेरण्याची फुशारकी मारणाऱ्या जेमी फ्लेकच्या अंगावर जे चालून येते ती डुकरीण असते. हा विनोद सोपा आहे. कविता खरी उंचीवर जाते ती दोन वृद्धांपाशी. छोटी जेनी आजीला म्हणते की, आरशासमोर सफरचंद खाऊन नवरा पाहावयाचा आहे, सोबत चल. आजी अशी संतापते की पाइपातला निखारा आपल्या नव्या एप्रनवर पडून तो जळतो आहे, याचेही तिला भान राहत नाही. मग ती आपल्या तरुणपणची एक हकीकत सांगते. तेव्हा ती पंधरा वर्षांची होती आणि शेरिफमूरची लढाई व्हावयाला एक सुगी बाकी होती. ती लढाई १७१५ सालची. म्हणजे आजीने ऐंशी ओलांडली आहे आणि सत्तर वर्षांपूर्वीचे भय तिच्या अंगात अजून ताजे आहे. तिच्या रागाला शहाणपणाचा उपदेश म्हणणे चूक होईल. तो घाबरलेल्या माणसाचा राग आहे.

दुसरा वृद्ध म्हणजे जॉनकाका. जेनीला ते सफरचंद त्यानेच दिलेले असते. कविता संपत आली असता शेगडीपाशी तीन लाकडी वाडगे मांडले जातात. एकात स्वच्छ पाणी, एकात गढूळ, एक रिकामा. डोळे बांधलेल्या माणसाचा हात स्वच्छ पाण्यात पडला तर कुमारिकेशी लग्न, गढुळात पडला तर विधवेशी, रिकाम्यात पडला तर जन्मभर एकटेपणा. त्याच १७१५ सालापासून लग्नाची आस धरून बसलेल्या जॉनकाकाच्या हाताला तीनही वेळा रिकामा वाडगा लागतो. आणि तो ते वाडगे उचलून विस्तवात भिरकावतो. बर्न्स यावर एक अक्षर बोलत नाही. पुढच्या आणि शेवटच्या कडव्यात गाणी, गप्पा, खाणेपिणे होते आणि मंडळी आनंदात घरोघर जातात. वाचकाला हसू येते, आणि हसता हसता ध्यानात येते की दुसऱ्यांच्या पोरींना सफरचंदे वाटणाऱ्या एका म्हाताऱ्याला सगळ्या गावादेखत तीनदा सांगितले गेले आहे की तुझे कोणी नाही.

बर्न्सच्या या रिकाम्या वाडग्यासमोर जेम्स जॉइसची बशी ठेवून पाहावी. 'डब्लिनर्स' हा त्याचा कथासंग्रह १९१४ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातील 'क्ले', म्हणजे 'चिकणमाती', ही गोष्ट हॅलोवीनच्या संध्याकाळी घडते. मारिया ही एका धर्मादाय धुलाईघराच्या स्वयंपाकघरात काम करणारी, चणीने अतिशय लहान, अविवाहित, वय होऊ लागलेली बाई. त्या संध्याकाळी ती जो डॉनेलीच्या घरी निघाली आहे. जो आणि त्याचा भाऊ अल्फी यांना तिने लहानपणी सांभाळले. आपली खरी आई मारियाच, असे जो म्हणत आला आहे. म्हणजे ती त्या घरची आहे आणि नाहीही. या एका 'नाहीही'वर सारी गोष्ट उभी आहे.

जॉइसने तिला कोणताही मुखवटा दिलेला नाही. परंतु ती हसली की तिच्या नाकाचे टोक हनुवटीला टेकावयास येते, हे तो पुन्हा पुन्हा सांगतो. त्यावरून काही टीकाकारांना तिच्यात चेटकीण दिसली, नावावरून कुमारी माता दिसली आणि मग दोन्ही प्रतीकांची सांगड घालण्याचे उद्योग झाले. अशा वाचनाचा मला मोठा वीट आहे. मारिया चेटकीण नाही. ज्या रात्री सगळे जग हौसेने चेटकिणीचे तोंड लावते त्या रात्री जिचे स्वतःचेच तोंड तसे आहे, अशी ती एक गरीब बाई आहे. त्या तोंडाबद्दल कोणी तिला काही बोलत नाही. लोक फक्त थट्टा करतात. धुलाईघरातल्या चहाच्या वेळी मनुकांचा पाव कापला जातो आणि या वर्षी अंगठी मारियालाच मिळणार असे एक सोबतीण, दर वर्षीप्रमाणे, म्हणते. मारिया हसून सांगते की मला अंगठीही नको नि नवराही नको. केकच्या दुकानात ती निवडीला वेळ लावते तेव्हा विक्रेती मुलगी विचारते, लग्नाचा केक हवा आहे का? मारिया लाजते. तिने घेतलेला प्लमकेक दोन शिलिंग चार पेन्सांचा. धुलाईघरात राबणाऱ्या बाईच्या हिशेबात ही लहान रक्कम नव्हे. तो ट्रॅममध्ये राहून जातो. एका वयस्क गृहस्थाने सरकून तिला जागा दिली, दोन शब्द बोलला, आणि त्या एवढ्याशा आदराने ती गोंधळली. केक सापडत नाही तेव्हा ती मुलांना विचारते की कोणी चुकून खाल्ला का. मुलांचे चेहरे असे होतात की, चोरीचा आळ येणार असेल तर तुमचा खाऊच नको. पाहुणी म्हणून आलेली 'खरी आई' अशा रीतीने एका क्षणात परकी होते.

मग खेळ. बशा मांडल्या जातात. एकीत पाणी, एकीत अंगठी, एकीत प्रार्थनापुस्तक. शेजारच्या मुलीला अंगठी मिळते व सौ. डॉनेली तिच्याकडे पाहून कौतुकाने बोट नाचविते. मारियाचे डोळे बांधतात. तिच्या बोटांना काहीतरी मऊ, ओले लागते. सगळे गप्प होतात. कुजबुज होते, बागेसंबंधी कोणी काही बोलते, सौ. डॉनेली शेजारच्या एका मुलीवर चिडून ती वस्तू ताबडतोब फेकून द्यावयास सांगते. मारिया एवढेच समजते की डाव चुकला, पुन्हा खेळावयाचा. दुसऱ्या वेळी तिच्या हाती प्रार्थनापुस्तक येते.

चिकणमाती म्हणजे मरण. पण हा शब्द गोष्टीच्या शीर्षकाखेरीज कोठेही येत नाही. मारियाला तो कळत नाही, आणि घरातले कोणी तो उच्चारीत नाही. येथे जॉइस बर्न्सच्या पुढे गेला आहे. बर्न्सच्या घरात निकाल उघड लागतो. जॉइसच्या घरात लागलेला निकाल मागे घेतला जातो. दुसऱ्या वेळी बशा कोणी सरकवून ठेवल्या की योगायोगानेच तसे घडले, हे तो सांगत नाही. सौ. डॉनेलीचे वागणे दयेचे आहे, यात शंका नाही. परंतु त्या दयेने मारियाला काय दिले? प्रार्थनापुस्तक म्हणजे वर्षाच्या आत मठात जाणे; म्हणजे जॉनकाकाचा रिकामा वाडगाच, फक्त चांगल्या कापडात गुंडाळलेला. आणि जॉनकाका निदान वाडगे विस्तवात टाकू शकतो. पुरुष होता, घरचा होता, रागावण्याचा त्याला अधिकार होता. मारियाला तो नाही. ती आभार मानते, वाइन पिते आणि आग्रह झाल्यावर गाते. बाल्फच्या 'द बोहेमियन गर्ल' या संगीतिकेतले ते स्वप्नाचे गाणे आहे. त्याच्या दुसऱ्या कडव्यात मागणी घालावयास आलेल्या पुरुषांचा उल्लेख येतो. मारिया दुसऱ्या कडव्याच्या जागी पहिलेच पुन्हा म्हणते आणि तिची चूक कोणीही दाखवीत नाही. जोचे डोळे भरून येतात, इतके की बाटलीचे बूच काढावयाचा स्क्रू त्याला सापडेना. हा जो त्याच संध्याकाळी सख्ख्या भावाचे नाव काढताच भडकलेला आहे. त्याच्या आसवांत प्रेम किती आणि मद्य किती, हा हिशेब जॉइस वाचकावर सोपवतो. मला विचाराल तर दोन्ही खरी आहेत, आणि तेच त्यातले दुःख आहे.

एकोणिसाव्या शतकात आयरिश व स्कॉटिश लोक समुद्र ओलांडून गेले तसा हा सणही अमेरिकेत गेला. सलगमाऐवजी भोपळा आला, आणि शेगडीपाशी चालणारे खेळ हळूहळू दाराबाहेर पडले. लग्नाळू तरुणांची रात्र लहान मुलांची झाली. सॅली बेन्सनच्या कथांवरून व्हिन्सेंट मिनेलीने १९४४ साली काढलेला 'मीट मी इन सेंट लुईस' हा बोलपट या स्थित्यंतराचा उत्तम दाखला आहे. मोठ्यांचे जुने कपडे चढवून मुले १९०३ सालच्या रस्त्यात होळी पेटवितात, आणि सर्वांत धाकटी टूटी एका शेजाऱ्याच्या तोंडावर पिठाची मूठ फेकून त्याचा द्वेष जाहीर करते. सगळी पोरे तिचा जयजयकार करतात. शिमगा पाहिलेल्या वाचकाला हे परके वाटणार नाही. पण दिग्दर्शकाची दृष्टी पुढे दिसते. त्याच रात्री वडील घरी येऊन सांगतात की आपल्याला हे गाव सोडून न्यूयॉर्कला जावयाचे आहे, आणि रस्त्यावर निर्भय असलेले सारे घर जेवणघरात भयभीत होते.

उलट रे ब्रॅडबरीची 'द हॅलोवीन ट्री' ही १९७२ सालची कादंबरिका पाहावी. भाषा झगझगीत आहे, कल्पकता विपुल आहे; एक गूढ पुरुष मुलांना ईजिप्त, जुने ब्रिटन, पॅरिस व मेक्सिको असा प्रवास घडवून सोंगांचा इतिहास दाखवितो आणि शेवटी मित्राचा जीव वाचविण्यासाठी मुले आपल्या आयुष्यातले एकेक वर्ष देऊ करतात. तरीही पुस्तक मिटल्यावर मनात फारसे उरत नाही. एवढ्या मोठ्या प्रवासात या मुलांना आईबाप जवळजवळ नाहीतच. जे वर्ष ती देतात ते कोणाच्या घरातून वजा होणार, हा प्रश्न लेखकाला पडत नाही, म्हणून तो त्याग शोभेचा राहतो.

त्याच सुमारास अमेरिकेतील घरांत एक वेगळेच भय शिरले होते. अनोळखी माणूस खाऊत विष किंवा सफरचंदात पाते घालतो, या भयाने आईबाप मुलांनी आणलेला खाऊ तपासू लागले. १९८५ साली जोएल बेस्ट आणि जेराल्ड होरिउची या समाजशास्त्रज्ञांनी आधीच्या वर्षांतील बातम्या तपासल्या, तेव्हा परक्याने दिलेल्या खाऊने मूल दगावल्याचे एकही सिद्ध प्रकरण त्यांना आढळले नाही. टेक्सासमध्ये १९७४ साली एक आठ वर्षांचा मुलगा सायनाइड घातलेल्या खाऊने मेला होता. पण तो देणारा त्याचा स्वतःचा बाप होता, आणि त्याच्यामागे विम्याचे पैसे होते. धोका दाराबाहेर शोधला जात होता.

हे सारे ध्यानात घेऊन हार्पर लीच्या 'टु किल अ मॉकिंगबर्ड' (१९६०) या कादंबरीचा शेवट वाचला म्हणजे तिची जाण किती सूक्ष्म आहे ते कळते. टीकाकार या कादंबरीतील खटल्याविषयी पुष्कळ लिहितात. हॅलोवीनचा प्रसंग मात्र कथानक मिटविण्याची युक्ती म्हणून सोडून देतात. मला तो कादंबरीचा कणा वाटतो. अलाबामातील मेकोम या गावी आदल्या वर्षी मुलांनी दोन बहिऱ्या बहिणींचे सामान रात्रीतून तळघरात लपविले होते. चोरी कोणाची, यावर त्यांतील एकीने खात्रीने सांगितले की गावावरून गेलेल्या काळ्यासावळ्या फिरत्या विक्रेत्यांची. हा विनोद म्हणून येतो. पण याच गावाने त्याच काळात निरपराध टॉम रॉबिन्सनला दोषी ठरविलेले असते. विनोद आणि खटला यांतील न्याय एकच आहे. मुलांच्या खोड्या आवराव्यात म्हणून १९३५ च्या हॅलोवीनला शाळेत कार्यक्रम ठरतो आणि लहानग्या स्काउटला हॅमचे सोंग मिळते. जाळीच्या सांगाड्यावर कापड चढविलेले हे सोंग इतके अवजड की तिला धड पाहताही येत नाही.

कार्यक्रमाला घरचे मोठे कोणी जात नाही. वडील अॅटिकस थकलेले आहेत. अलेक्झांड्रा आत्याही थकल्याचे सांगते, आणि सांगता सांगता मध्येच थांबते. तिला काहीतरी अशुभ जाणवलेले असते. ती ते हसण्यावारी नेते व मुलांना जाऊ देते. बर्न्सची आजी भीती वाटली म्हणून ओरडली होती. सभ्य घरातली आत्या भीती वाटली म्हणून गप्प बसते. परतताना अंधारात बॉब यूअल मुलांवर चाकू घेऊन धावतो. स्काउट वाचते ती त्या हास्यास्पद सोंगामुळे; जाळीच्या तारेवर चाकूची चकचकीत रेघ उमटलेली शेरिफ नंतर दाखवितो. आणि मुलांना वाचविणारा असतो तो बू रॅडली, ज्याला ती स्वतःच इतकी वर्षे आळीतले भूत मानीत आली.

येथवरचे कोणाही कुशल कथाकाराला सुचले असते. पण हल्ला होऊन गेल्यावर आत्या थरथरत्या हातांनी स्काउटला बदलावयास कपडे आणून देते, आणि ते असतात तिचे जुने ओव्हरऑल्स. तेच कपडे, ज्यांच्यावरून मुलीच्या जातीला हे शोभत नाही म्हणून तिने आजवर रोज कटकट केली. तिला आपण काय आणले याचे भानही नाही. सबंध कादंबरीत आत्याने स्काउटला जवळ घेतल्याचा याहून मोठा पुरावा नाही. नंतर बूला घरी पोहोचवावयाचे असते. त्याचा हात धरून लहान मुलासारखे नेणे स्काउटला बरे वाटत नाही. ती त्याला कोपर वाकवावयास सांगते आणि त्यात आपला हात घालते. म्हणजे मिस स्टेफनी क्रॉफर्ड वरच्या खिडकीतून पाहत असलीच, तर तिला एक सद्गृहस्थ एका स्त्रीला सोबत करीत रस्त्याने चाललेला दिसावा.